पाठीशी समुद्र

दाभोळच्या धक्क्याजवळ एक जुनी दगडी मशीद आहे. कुणी तिला अंडा मशीद म्हणतं, कुणी मासाहेबांची मशीद. बांधकाम 17व्या शतकाच्या मधलं, विजापूरच्या आदिलशाहीतलं. तिची गोष्ट खाडीच्या दोन्ही काठांवर सांगतात. विजापूरची एक शाहजादी, नाव आयेशाबीबी, हजला निघाली आणि गलबत धरायला दाभोळला आली. दाभोळ तेव्हा नावाजलेलं बंदर, मक्केची गलबतं इथून सुटत. पण दर्यात चाच्यांची भीती होती आणि मोसमही निघून चाललेला. शाहजादी अडकून पडली. शेवटी मौलवींना विचारून तिनं हजसाठी आणलेला पैसा या मशिदीवर खर्च केला आणि आल्या वाटेनं परत गेली.

माझ्या आजोबांना ही गोष्ट कधी पुरती पटली नाही. मशिदीबद्दल त्यांना आदर होता, पण शाहजादीचं नाव निघालं की म्हणत, "तिच्याकडं पैसा होता, तिनं मशीद बांधली. आमच्याकडं नव्हता, आम्ही बोटीवर गेलो." एवढ्यावर विषय संपायचा.

खाडीकाठच्या आमच्या कोकणी मुसलमान वस्त्यांत निम्म्या घरांचा इतिहास या एका वाक्यात मावतो. भातशेती पावसाळ्यापुरती, तीही खोताच्या मर्जीवर. पोराला मिसरूड फुटली की त्यानं आगबोटीनं मुंबई गाठायची, गावच्या जमातीच्या खोलीत पथारी टाकायची आणि नात्यातला कुणी सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, बोटीवर नाव लावतो का याची वाट बघत गोदीचे खेटे घालायचे. इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर माणसंही मुलूख बघून घेत. डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे आणि काठेवाडचे, खाली भट्टीवर पंजाबी नाहीतर सिल्हेटी, आणि सलूनमध्ये, साहेबाच्या ताटापाशी, गोवेकर. पगार गोऱ्या खलाशाच्या निम्म्याहूनही कमी. आजोबा 1930 च्या दशकाच्या शेवटी असेच खलाशी झाले. पुढं टंडेल, म्हणजे सारंगाच्या हाताखालचे मुकादम, झाले आणि जन्मभर गावात त्याच नावानं ओळखले गेले. कागदोपत्री नाव होतं, पण ते पोस्टमनलासुद्धा थांबून आठवावं लागे.

मी आज अल खोबरला राहतो. सौदी अरबस्तानात आमच्या घराची ही तिसरी पिढी. संध्याकाळी कॉर्निशवर फिरायला गेलं की मगरिबची अजान होते आणि हिरवळीवर बसलेली माणसं उठून रांगा धरतात. इथं नमाजाला उभं राहिलं की समुद्र पाठीशी येतो. आमच्या गावात उलट होतं. दाभोळपासून मक्का जवळजवळ सरळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडं कललेली, म्हणजे नमाजाला तोंड समुद्राकडंच. पोराटोरांना दिशा शिकवावी लागत नसे, खारा वारा तोंडावर येईल तिकडं बघायचं. समुद्र माणसं न्यायचा तोही त्याच बाजूनं. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात अशा म्हाताऱ्या होत्या ज्यांचा नवरा किंवा भाऊ लढाईच्या वर्षांत बोटीवरून परत आला नव्हता. त्या रोज पाच वेळा त्याच दिशेला तोंड करून उभ्या राहत. याचं मला तेव्हा काही वाटत नसे. आता वाटतं.

लढाई म्हणजे दुसरं महायुद्ध. आजोबा त्याला "लाम" म्हणत, गावातले सगळेच जुने लोक म्हणत. या लामेतली एकच रात्र त्यांनी आम्हाला सांगितली, तीही तुकड्या-तुकड्यांनी, जाळं विणता विणता. बाकीची वर्षं कुठल्या बंदरात, कुठल्या मालावर गेली ते त्यांनी सांगितलं नाही.

ब्रिटिश इंडिया कंपनीची 'तिलावा' 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून सुटली. वार शुक्रवार, जुम्मा. मोंबासाकडं आणि पुढं डर्बनला जायची होती. उतारू आणि खलाशी मिळून साडेनऊशेच्या वर माणसं, बहुतेक पूर्व आफ्रिकेत दुकानं-नोकऱ्या असलेली गुजराती कुटुंबं, बायका-मुलांसह. 23 तारखेच्या मध्यरात्रीनंतर, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला भर समुद्रात, जपानी पाणबुडी 'आय-29' नं तिला टॉर्पेडो मारला. वीज गेली, बोट कलली, पण बुडाली नाही. लोक होड्यांत उतरले. पुष्कळ वेळ गेला, बोट पाण्यावर तशीच उभी. मग काही माणसं परत वर चढली. कुणाचं ट्रंकेत सोनं, कुणाची कागदपत्रं, कुणाचं पोर अंधारात सापडलं नव्हतं. काही खलाशी हुकमानं चढले, काही आपण होऊन. तासाभरानं दुसरा टॉर्पेडो आला आणि बोट गेली. 280 माणसं मेली.

आजोबांचा एक सोबती परत चढलेल्यांत होता. पलीकडच्या काठावरच्या गावचा, एकाच सारंगाच्या हाताखाली शिकलेला. तो काय आणायला गेला हे आजोबांनी आम्हाला सांगितलं नाही. आजीला माहीत होतं. तिनंही सांगितलं नाही.

होडीत दोन दिवस गेले. आजोबांच्या सांगण्यात भूक-तहान फारशी यायची नाही, नमाज यायची. पहिल्या पहाटे एका म्हाताऱ्या उतारूनं विचारलं, काबा कुणीकडं? त्यावर होडीत वाद झाला. कुणी म्हणालं पश्चिम, कारण मुंबईत पश्चिम असते. आजोबांचं वय तेव्हा विशीच्या जरा पुढं, पण रात्रीच्या पहाऱ्यावर सुकाण्याशेजारी उभं राहून तारे ओळखायला शिकलेले. ते म्हणाले, पश्चिम नाही, आपण फार दक्षिणेला आलोय, मक्का आता वर राहिली. ध्रुवतारा अगदी खाली, पाण्याला टेकल्यासारखा दिसत होता. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, चंद्र मावळतीला होता. ध्रुव उजव्या खांद्याशी, चंद्र डाव्या खांद्याशी, मधोमध तोंड, म्हणजे वायव्य. वजू समुद्राच्या पाण्यानं केली. खाऱ्या पाण्याची वजू चालते, हे होडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं; फुटलेल्या ओठांना ते पाणी कसं झोंबतं, हे त्या दिवशी कळलं. नमाज बसूनच, कारण उभं राहिलं तर होडी कलंडायची.

याच गोष्टीत आजोबा दर वेळी न चुकता एक पुरवणी जोडत. होडीतली हिंदू मंडळीही त्याच दिशेला बघू लागली. म्हणजे त्यांनी नमाज पढली असं नाही. पण या पोराला दिशा कळते म्हटल्यावर मदत येईल ती त्याच बाजूनं येईल, असं कसं कोण जाणे सगळ्यांनी धरून घेतलं. 25 तारखेला 'एचएमएस बर्मिंगहॅम' ही क्रूझर आली ती भलत्याच बाजूनं. हे सांगून आजोबा हसत. श्रद्धाळू माणसानं अशी गोष्ट थोडी सुधारून सांगितली असती. क्रूझर वायव्येकडून आणायला काय लागतं? आजोबांनी ती कधी आणली नाही.

त्या पावणेसातशे वाचलेल्यांना घेऊन 'बर्मिंगहॅम' 27 नोव्हेंबरला मुंबईला लागली. लढाईच्या दिवसांत बातम्यांवर पहारा असायचा. गावात 'तिलावा' बुडाल्याची उडती खबर आधी पोचली आणि आजोबा नंतर. मधले काही दिवस आजीनं काय केलं? तिला विचारलं की ती म्हणायची, "काय करणार, म्हशीला चारा घातला." पुढच्याच महिन्यात बकरी ईद होती. नवरा मेला असेल तर इद्दत पाळायची, जिवंत असेल तर ईदेला तांदूळ दळायचा. तिनं तांदूळ भिजत घातला.

आजोबांच्या सबुरीचं कौतुक सगळ्या खाडीभर झालं. त्यात काही खोटं नाही, पण माझं मत असं की बोटीवरच्या माणसाला सबूर करायला सोय असते. घंटा वाजते, पाळी येते, दोर ओढायचा असतो. घरी बसलेल्या बाईला कुणी घंटा देत नाही. मनीऑर्डर आली तर माणूस जिवंत, नाही आली तर पोस्टात उशीर, असं समजून तिनं सासूचं आजारपण, सावकार आणि दोन पोरांची आजारपणं निभावली. आजोबांवर लिहायला बसलो की आजी मधे येते, ती अशी. येऊ दे.

समुद्र सुटला तो लाम संपल्यावर. अरबस्तानात तेल सापडल्याला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. दम्मामच्या सात नंबरच्या विहिरीनं मार्च 1938 मध्ये तेल दिलं, मे 1939 मध्ये रास तनुराहून पहिली बोट भरली, आणि लढाईच्या अखेरीस तिथं रिफायनरी उभी राहिली. धक्के, नळ, टाक्या, छावण्या, सगळं एकदम बांधायचं होतं आणि मुंबईत भरती चालू होती. दोर, कप्पी, साखळदंड यांतला माणूस हवा होता. आजोबांना दोरापलीकडं काही येत नव्हतं, आणि तेवढ्यानं काम झालं. ते एका कंत्राटदाराकडून रिगर म्हणून लागले.

मुंबईहून आखातात जायला त्याच ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी. 'दुमरा', 'द्वारका', 'दारा'. कराची, मस्कत, बंदर अब्बास करत बाहरीन, आणि बाहरीनहून लहान होडीनं खोबरचा किनारा. आज त्या पाण्यावर पूल आहे, मोटारीनं अर्धा तास लागत नाही. आजोबा डेकचे उतारू म्हणून गेले. ज्या डेकवर पूर्वी पाणी मारलं, त्याच डेकवर ट्रंकेला टेकून बसले. दोर बांधणाऱ्या पोराची गाठ बघून त्यांना राहवेना, उठून परत मारून दिली, आणि त्या पोराचा टंडेल त्यांच्या अंगावर धावून आला. हे आजोबा फार आवडीनं सांगत.

रास तनुरात पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं पश्चिमेला तोंड केलं आणि शेजारच्या अरबानं खांदा धरून डावीकडं वळवलं. मक्का इथून नैर्ऋत्येकडं. मोठा समुद्र आता पूर्वेला, म्हणजे पाठीकडं. होडीत असताना दिशा काढता आली आणि जमिनीवर चुकली, याची त्यांना गंमत वाटली असावी. पुढं आयुष्यभर कुठल्याही नव्या जागी गेलं की ते आधी सूर्य बघत. भिवंडीला लग्नाला गेलो तरी हॉलच्या गच्चीवर जाऊन बघून येत. आमच्या फोनमध्ये बाण दाखवणारं ॲप आहे, ते बघायला आजोबा हवे होते. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला असता असं मला वाटत नाही. गच्चीवर जाऊन ताडून पाहिलं असतं.

छावण्या तीन प्रतीच्या. अमेरिकी लोकांची हिरवळीची, मधल्या दर्जाच्या कारकून-फोरमन मंडळींची दुसरी, आणि तिसरी बाकीच्यांची. तिथले पहिले दोन उन्हाळे तंबूत आणि पत्र्याखाली गेले. पैगंबरांच्या मुलखात आलो असं वाटलं का, असं मी एकदा विचारलं होतं. आजोबा म्हणाले, "पैले दोन वर्षं फक्त घाम वाटला." मासे मात्र चांगले मिळत. हामूर त्यांना गोड लागला नाही. सुरमईसारखा कनद लागला. सुकट मुंबईहून कुणी ना कुणी आणायचं आणि ते भाजलं की वाऱ्याच्या दिशेची सगळी छावणी तक्रार करायची.

पगार चांदीत मिळे. सौदीत तेव्हा कागदी नोट नव्हती. चांदीचा रियाल वजनाला जवळजवळ आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाएवढाच, तोळाभर. पगाराच्या दिवशी रियाल कमरेला बांधून चालताना आवाज होऊ नये म्हणून माणसं त्यात फडकी कोंबत. आजोबांनी ते पैसे कुठं लावले याचा हिशेब घरात तोंडपाठ आहे. आधी पणजोबांच्या वेळचं सावकाराचं देणं, मग गहाण पडलेलं खाचर, मग आत्याचं लग्न. त्यांचा मुक्काम मक्केच्या देशात, ऐपतही झालेली, सोबतचे लोक एकेक करून हज करून येत होते, आणि आजोबा जात नव्हते. देणं डोक्यावर ठेवून हजला जायचं नाही, हा नियम. नियमाला वाटा असतात, घरच्या माणसांनी माफ केलं, सावकारानं मुदत दिली तर जाता येतं, असं छावणीतल्या एका मौलवींनी समजावलंही. आजोबांनी वाट घेतली नाही. खाचर सुटल्याचं पत्र 1953 मध्ये आलं आणि त्या ऑगस्टात ते निघाले.

दम्मामहून रियाधपर्यंत रेल्वे दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली होती, तेवढा प्रवास आरामाचा. पुढं ट्रकमधून, वाळूत रुतलेली चाकं ढकलत, ताइफवरून उतरून. त्याच वर्षी सौदी सरकारनं हाजींसाठी दहा रियालच्या कागदी पावत्या पहिल्यांदा काढल्या. चांदीचं ओझं नको म्हणून कागद, त्यावर अनेक भाषांतला मजकूर. आजोबांनी तो कागद हातात घेतला, उजेडाकडं धरला, आणि परत देऊन आपली चांदी घट्ट बांधली. त्यांच्या मते पाण्यात पडल्यावर टिकतो तोच पैसा. ही अक्कल 'तिलावा'ची.

काबाच्या आवारात त्यांना काय वाटलं याविषयी त्यांनी जे सांगितलं ते मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. एरवी नमाजात पुढच्या माणसाची पाठ दिसते. जन्मभर पाठीच बघितल्या, मळलेल्या सदऱ्यांच्या. इथं रांगा गोल. तिरकं पाहिलं की पलीकडून वाकणाऱ्या माणसाचं तोंड दिसतं. त्यांच्यासमोर एक काळाकभिन्न, दाढी पांढरी झालेला माणूस होता, आफ्रिकेतला असावा. सजद्यातून उठला की दर वेळी त्याची आणि आजोबांची नजरानजर व्हायची. "ना पश्चिम, ना पूर्व. मी येडबाडलो," आजोबा म्हणायचे. विद्वान माणसानं यावर चार पानं लिहिली असती. आजोबांना पुढचं आठवायचं ते असं, की गर्दीत चप्पल गेली आणि ऑगस्टच्या फरशीवर पाय भाजले.

मोंबासाला जाऊ न शकलेल्या आपल्या सोबत्याच्या नावानं त्यांनी एक उमरा केला. हे आजीनं सांगितलं, तेही ते गेल्यावर.

काही वर्षांनी ते गावी परतले. का, तर आजी म्हणाली म्हणून. तिकडून परतलेला माणूस मुंबईत दुकान घालतो नाहीतर दोन मजली घर बांधतो. आजोबांनी होडी घेतली आणि मशिदीच्या विहिरीवरची रहाटाची कप्पी बदलली. गावातल्या पोरांना गाठी शिकवल्या. कुणी होडी ओढून घेताना घाईनं गाठ मारली आणि वर "अल्ला मालिक" म्हटलं की म्हातारा पेटायचा. "गाठ ढिली हाय, आन् दुवा कसली मागतोस?" उंट आधी बांध आणि मग भरवसा ठेव, ही पैगंबरांची शिकवण मशिदीत सगळेच ऐकत. आमच्याकडं उंट नव्हता, होडी होती, एवढाच काय तो फरक.

मग अब्बा तिकडं गेले. 1973 नंतर तेलाचा भाव चढला आणि कोकणातली अख्खी गावंच्या गावं आखाताकडं निघाली. इकामा म्हणजे राहायचा परवाना, कफील म्हणजे जामीन राहणारा मालक, खुरूज म्हणजे देशाबाहेर पडायची परवानगी, हे शब्द आमच्या घरात चहा-साखरेइतके रुळले. अब्बा दम्माम बंदरावर क्रेन चालवत. दोन वर्षांनी सुट्टी, मधल्या काळात कॅसेटमध्ये भरलेला आवाज. कॅसेट लागली की आजोबा जाळं बाजूला ठेवत, आणि सगळी ऐकून झाली की तीच बाजू परत लावायला सांगत. 

2 ऑगस्ट 1990 ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. आमच्या खाडीतली कितीतरी माणसं कुवेतला होती. ती वाळवंटातून जॉर्डनला आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आली. दोन महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं अशी आणली गेली. काही जण फक्त अंगावरच्या कपड्यांनिशी गावात उतरले. सौदीतली माणसं मात्र तिथंच. 17 जानेवारी 1991 ला अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांची विमानं इराकवर सुटली आणि दुसऱ्या दिवसापासून धाहरानवर इराकचे स्कड येऊ लागले. दम्माम, खोबर, धाहरान म्हणजे एकाच गावाच्या तीन वाड्या म्हणाव्यात इतकं जवळ.

मी तेव्हा शाळकरी. आमच्या घरात बायका जमून आयते करीमाचा जप करायच्या, चिंचोक्यांचे ढीग मोजत सव्वा लाखापर्यंत. आजोबा पडवीत बीबीसीची उर्दू सर्व्हिस लावून बसत. खाफजी, जुबैल, रास तनुरा ही नावं रेडिओवर आली की त्यांना ती जागा दिसत असे. आम्हाला ते सांगत, इथून इथपर्यंत इतका वेळ लागतो, इथं पाण्याची टाकी होती. गावात बहुतेक बाप मुलांना "ये परत" म्हणून निरोप पाठवत होते. निरोप तरी कसा जाणार, फोन लागत नव्हते, आणि कित्येकांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात. आजोबांनी ये म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. त्यांनी पत्र लिहिलं. मोडक्या उर्दूत, मधे मधे सरळ कोकणीत.

ते पत्र माझ्याकडं आहे. पहिल्या ओळीत सलाम, दुसरीत म्हैस व्याली. मग सूचना. पिंपात पाणी भरून ठेव, नळावर भरवसा नको. खिडकीपासून लांब झोप. इकामा आणि असतील ते कागद मेणकापडात गुंडाळून कमरेला बांध, झोपतानाही. शेजारच्या खोलीत कोण कोण आहे ते माहीत करून घे, नावानिशी, मग ते केरळचे असोत नाहीतर फिलिपिन्सचे. आणि त्यानंतर जाड अक्षरात, बोरू दाबून लिहिलेलं: पहिला धक्का बसला की बाहेर पड, आणि बाहेर पडलास की परत आत जाऊ नकोस. पैशासाठी नाही, घड्याळासाठी नाही, फोटोसाठी नाही. अल्लाचं नाव बाहेर उभं राहूनही घेता येतं.

अब्बा म्हणतात, पत्र पोचलं तेव्हा लढाई संपून गेली होती. 25 फेब्रुवारीच्या रात्री एक स्कड खोबरजवळच्या पत्र्याच्या गोदामावर पडला, अमेरिकी सैनिक तिथं राहत होते, 28 जण ठार झाले. स्कड पाडायला ठेवलेल्या पेट्रियट यंत्राचं घड्याळ सलग शंभर तास चालून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यानं मागं पडलं होतं, असं नंतर चौकशीत निघालं. अब्बांच्या खोलीच्या काचा त्या आवाजानं हादरल्या. 28 तारखेला तोफा थांबल्या. त्याच दिवसांत शबे बरात होती. गावातल्या कबरस्तानात लोक अगरबत्त्या घेऊन गेले तेव्हा दम्मामवर कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आलेला आणि भर दुपारी मोटारींचे दिवे लागलेले. उन्हाळ्यात अब्बा सुट्टीवर आले. आजोबांनी त्यांना जवळ घेण्याआधी कमर चाचपली. मेणकापडाचा बटवा होता. पत्र पोचायच्या आधीच अब्बांनी तो शिवून घेतला होता.

आजोबा त्यानंतर फार वर्षं नव्हते. आखातात परत जायचं त्यांच्या मनात कधी आलं नाही. दाभोळ-मुंबई लाँच बंद झाली याची हळहळ जास्त वाटली.

मी खोबरला आलो तेव्हा वेळ वेगळी होती. माझ्याकडं पदवी, कंपनीचं घर, शाळेची बस. तरी 14 सप्टेंबर 2019 ला पहाटे अबकैक आणि खुरैसच्या तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं पडली, तेव्हा बायकोनं काही न बोलता कपाटातून कागदांची पिशवी काढून दाराच्या खुंटीला लावली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती श्रीवर्धनकडची, तिच्याकडंही आजोबा होते. मी काही आजोबांइतका नमाजी नाही. फजरला उठणं मला जमतं तेव्हा जमतं. पण पिशवी खुंटीला दिसली की मला बरं वाटतं, आणि याला श्रद्धा म्हणावं की सवय, यावर आमच्या घरी कधी वाद झालेला नाही.

मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होम आहे. महायुद्धात गेलेल्या हिंदी नौसैनिकांची आणि व्यापारी बोटींवरच्या खलाशांची नावं तिथल्या स्मारकाच्या नोंदवहीत आहेत, 6,000 हून अधिक. एक प्रत तिथं, एक चितगावला. सुट्टीत मी जाऊन ती पाहिली. नावं वाचताना हाताखालून आपलाच तालुका जातो: बापाचं नाव, गाव, बोट. आजोबांच्या सोबत्याचं नाव मी शोधलं की नाही, ते त्याच्या घरच्यांसाठी ठेवतो.

'तिलावा'वर चांदी होती, हे आजोबांना बहुधा ठाऊक नव्हतं. 2,364 विटा, सुमारे 60 टन, दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी निघालेली. 2017 मध्ये एका कंपनीनं ती अडीच किलोमीटर खोल तळातून वर काढली आणि इंग्लंडला नेली. मग खटला. तळाशी पडलेला माल, तो सरकारचा की काढणाऱ्याचा, काढणावळ द्यायची की नाही. तीन कोर्टं फिरून 8 मे 2024 ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं निकाल दिला. मी तो सगळा निकाल रात्री बसून वाचला. भाषा अतिशय स्वच्छ आहे. बोट कधी सुटली, कुठं बुडाली, चांदी कुणी विकत घेतली, हे सगळं ठाकठीक. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तो टाकला तेव्हा चुलतभावांनी चांदीचा आजचा भाव काढला. माझ्या मुलानं विचारलं, मग पणजोबांनी बोटीवरून काय आणलं?

नळी आणली. खलाशाच्या नोकरीचा दाखला. कुठल्या बोटीवर किती महिने, चाल कशी, त्यावर साहेबाचा शिक्का. त्याशिवाय पुढची बोट मिळत नाही. ती त्यांनी पहिल्या टॉर्पेडोच्या आधीपासून कमरेला बांधलेली होती, कारण ते रोजच बांधत. बकरी ईद झाली, भिजवलेल्या तांदळाची सांदणं झाली, आणि जानेवारीत आजोबांनी तीच खाऱ्या पाण्यानं फुगलेली नळी घेऊन मुंबईच्या शिपिंग ऑफिसात पुन्हा नाव लावलं. कारकुनानं पानं चिकटलीत म्हणून नवी आणायला सांगितली. आजोबांनी टाचणीनं पान सोडवून दिलं.